गजकर्ण आणि एकत्र कुटुंब

रोगांचे अनेक वर्ग वैद्यांनीं केले आहेत. परंतु एक वर्गीकरण त्यांचें नसून संसारी माणसांचें आहे. कांहीं रोग चारचौघांत सांगण्याचे असतात आणि कांहीं झांकण्याचे. रक्तदाब, मधुमेह, गुडघेदुखी हे पहिल्या वर्गांतले. संध्याकाळीं देवळाच्या ओट्यावर आम्ही समवयस्क मंडळी बसतों, तेव्हां रक्तांतल्या साखरेचे आंकडे एकमेकांस असे सांगतों कीं, जणूं ते परीक्षेंतले गुणच! परंतु जांघेंत किंवा कमरेला लाल चट्टा उठून त्याची रात्रंदिवस खाज सुटली आहे, ही गोष्ट त्या ओट्यावर कोणीहि काढीत नाहीं. गजकर्ण हा दुसऱ्या वर्गांतला रोग. शीर्षक पाहतांच कित्येक वाचकांच्या मनांत पान उलटण्याचें आलें असेल. त्यांस आमची विनंती अशी कीं, पान न उलटतां हा लेख घरांतील सर्वांस ऐकूं जाईल असा मोठ्यानें वाचावा. कारण ज्या घरांत या रोगाविषयीं उघड बोलत नाहींत, त्याच घरांत तो वर्षानुवर्षें मुक्काम करतो, हेंच आम्हांस सांगावयाचें आहे.

या रोगाच्या नांवांनींच पुष्कळ घोटाळा करून ठेवला आहे. आपण त्यास गजकर्ण म्हणतों, पण त्यांत हत्ती नाहीं आणि कानहि नाहीं. इंग्रजींत त्यास रिंगवर्म, म्हणजे वेटोळ्याचा किडा, म्हणतात. पण त्यांत किडाहि नाहीं. घरांतील वृद्ध स्त्रिया नायटा म्हणतात, आणि त्या एका शब्दांत गजकर्णाबरोबर इसबासारखे इतर कित्येक विकारहि कोंबतात. संस्कृतांत त्यास दद्रु म्हणतात. हिंदींतला दाद हा त्याचाच वंशज. नांवें कितीहि असलीं तरी मूळ वस्तु एकच, आणि ती म्हणजे बुरशी. पावसाळ्यांत भाकरीवर किंवा जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर जी चढते, तिचीच ही दूरची भावंडें. हिचें अन्न मात्र ठरलेलें आहे. केराटिन नांवाचें जें द्रव्य त्वचेच्या सर्वांत वरच्या मृत थरांत, केसांत आणि नखांत असतें, तेवढ्यावरच ती जगते, आणि म्हणून ती सहसा याहून खोल जात नाहीं. ती एका बिंदूपासून चहूंकडे पसरत जाते. मागें राहिलेला मधला भाग निवळतो, आणि पुढें सरकणारा कांठ लाल, उंच व खवल्यांचा दिसतो. कडें उमटतें तें यामुळें.

एवढें एकदां ध्यानांत आलें म्हणजे अनेक भोळ्या समजुती आपोआप गळून पडतात. गजकर्ण रक्त बिघडल्यानें होत नाहीं. तेव्हां रक्तशुद्धीच्या बाटल्या पिऊन तें जाणार नाहीं. तें उष्णतेनें उठत नाहीं, कीं वांगें खाल्ल्यानें वाढत नाहीं. बुरशीला पाहिजे असतो ओलावा, ऊब आणि घर्षण. म्हणूनच जांघ, कांख, कंबर, स्तनांखालची घडी आणि पायांच्या बोटांच्या बेचक्या हीं तिचीं आवडतीं स्थळें. पावसाळ्यांत ज्यांस आपण चिखल्या म्हणतों, त्यांतल्याहि पुष्कळ याच जातीच्या. लहान मुलांच्या डोक्यांत ती शिरली म्हणजे केस मुळाशीं तुटून टक्कल पडल्यासारखे चट्टे दिसतात. नखांत शिरली म्हणजे नख जाड, पिवळट व ठिसूळ होतें. मधुमेही माणसास ती लवकर धरते आणि उशिरां सोडते.

तथापि प्रत्येक वाटोळा चट्टा गजकर्णाचा नसतो. मानेवर व पाठीवर जीं फिकट शिबें उठतात, तीं निराळ्या बुरशीचीं. ती बहुतेकांच्या त्वचेवर मुळांतच वसत असते, आणि शिबीं एकाची दुसऱ्यास लागत नाहींत. इसब आणि सोरायसिस हे विकार बुरशीचे नव्हेतच. आणि ज्या चट्ट्यावर खाज तर नाहींच, पण स्पर्शहि नीट कळत नाहीं, तो चट्टा घेऊन त्याच आठवड्यांत वैद्याकडे गेलें पाहिजे; कारण तो महारोगाचा आरंभ असूं शकतो, आणि त्या रोगावर आज खात्रीचे औषध आहे. शंका असल्यास डॉक्टर चट्ट्याच्या कांठाचे खवले खरवडून त्यांवर पोटॅशचें पाणी घालून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. बुरशी असली तर तिचे तंतु स्पष्ट दिसतात. परीक्षा थोड्या वेळाची आहे, दुखत नाहीं, आणि तिनें महिन्यांचा भ्रम मिटतो.

आमच्या पूर्वसूरींस सूक्ष्मदर्शक ठाऊक नव्हता. पण त्यांचें निरीक्षण किती तीक्ष्ण होतें, हें पाहून आम्हांस नेहमीं कौतुक वाटतें. त्वचेच्या अठरा विकारांस त्यांनीं कुष्ठ असें सामान्य नांव दिलें, आणि त्यांतील सात महाकुष्ठें व अकरा क्षुद्रकुष्ठें असा भेद केला. चरकसंहितेनें दद्रु क्षुद्रांत घातलें. सुश्रुतसंहितेनें तेंच महाकुष्ठांत घातलें. शाळेंत संस्कृत शिकवीत असतांना हा मतभेद आम्हांस कोड्यासारखा वाटे. आतां वाटतें कीं, दोघेहि बरोबर होते. एका माणसाच्या दंडावर रुपयाएवढें कडें असतें तोंवर तें क्षुद्रच. तेंच घरांतल्या सहा जणांच्या अंगावर तीन वर्षें फिरत राहिलें म्हणजे त्यास महा म्हणण्यावांचून गत्यंतर नाहीं. याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, सुश्रुतानें कुष्ठनिदानाच्या अखेरीस एकापासून दुसऱ्यास लागणाऱ्या रोगांच्या वाटा मोजून सांगितल्या आहेत. अंगाचा स्पर्श, एका पात्रांतलें भोजन, एक शय्या, एक आसन, दुसऱ्याचें वस्त्र, दुसऱ्याची माळ, दुसऱ्याचें उटणें, अशी ती यादी आहे. दद्रूपुरतें पाहिलें तर एकत्र जेवणें आणि श्वास यांस दोष देण्याचें कारण नाहीं. परंतु शय्या, आसन आणि वस्त्र हे शब्द आजच्या त्वचारोगतज्ज्ञानेंहि जसेच्या तसे उच्चारावे, इतके अचूक आहेत.

औषधाचेंहि ज्ञान त्यांस होतें. पहिल्या पावसाबरोबर कोंकणांत व देशावर रस्त्याच्या कडेला जो टाकळा उगवतो, आणि ज्याची कोंवळी भाजी आपण आवडीनें खातों, त्यास अमरकोशांत चक्रमर्दक आणि दद्रुघ्न अशीं नांवें दिलेलीं आहेत. चक्राचें मर्दन करणारा तो चक्रमर्दक. हें चक्र म्हणजे गजकर्णाचें कडेंच होय. पुढें एकोणिसाव्या शतकांत गोवा पावडर या नांवानें एक पिवळसर भुकटी याच रोगावर फार प्रसिद्धीस आली. नांव गोव्याचें असलें तरी ती गोव्याची नव्हती. ब्राझील देशांतील अरारोबा नांवाच्या झाडाच्या खोडांत ती सांपडे, आणि पोर्तुगीजांच्या व्यापारानें ती तेथून गोव्यास येई. तिच्यापासून काढलेलें क्रायसारोबिन पुष्कळ वर्षें इंग्रजी दवाखान्यांतहि वापरीत असत. त्यानें कडें जाई हें खरें. पण सभोंवारची कातडी भाजे, कपड्यांवर न निघणारे डाग पडत, आणि हात डोळ्यास लागला तर डोळा सुजे. सर्व जुन्या उपायांची हीच कथा आहे. लिंबू, चुना, लसूण, रॉकेल यांनीं बुरशी मरो वा न मरो, त्वचा मात्र निश्चित पोळते. गजकर्णावर पोटांत घेण्याचें पहिलें खरें गुणकारी औषध, ग्रिसिओफुल्विन, वापरांत येण्यास १९५८ साल उजाडावें लागलें. आज त्याहून सुरक्षित व सोईचीं औषधें सर्वत्र मिळतात; तेव्हां टाकळ्याविषयीं आदर बाळगून त्याची भाजी खावी, आणि उपचार आजचाच करावा.

औषधें इतकीं चांगलीं झालीं, तरी मग हा रोग घराघरांतून का हटत नाहीं? याचें उत्तर आम्हांस पुस्तकांतून मिळालें नाहीं. तें आमच्या एका चुलतबंधूंच्या घरीं मिळालें. कृष्णाकांठच्या एका गांवीं त्यांचें अकरा माणसांचें एकत्र कुटुंब आहे. चार वर्षांपूर्वीं गौरींच्या सणास आम्ही उभयतां तेथें गेलों होतों. बंधूंची धाकटी सून, लग्न होऊन दोनच वर्षें झालेली, कामाला चपळ आणि स्वभावानें हंसरी; पण त्या खेपेस ती कोणाजवळ बसेना. दुसऱ्या दिवशीं माजघरांत तिनें आमच्या सौभाग्यवतींस एकीकडे बोलावून म्हटलें, “काकू, बसवत नाहीं आणि उठवतहि नाहीं. कोणाला सांगूं?” मांड्यांपासून कमरेपर्यंत तिच्या अंगावर चट्टे पसरले होते. सासूबाईंस तें कळल्यापासून तिचें अंथरूण वेगळें केलेलें होतें, आणि ही ब्याद ती माहेराहून घेऊन आली, हा निकाल घरांत न बोलतां लागलेला होता.

तिनें उपाय केला नव्हता असें नाहीं. आठ महिने ती एक मलम लावीत होती. नवऱ्यानें औषधांच्या दुकानांत नुसतें “खाजेवर कांहीं द्या” म्हणून मागितलें, आणि दुकानदारानें एक नळी काढून दिली. लावल्याबरोबर दोन दिवसांत खाज थांबे, लाली जाई. सोडलें कीं आठवड्याच्या आंत दुपटीनें परत येई. मग दुसरी नळी. शेवटीं मांडीच्या आंतल्या बाजूची कातडी कागदासारखी पातळ होऊन तिजवर जांभळ्या रेघा उमटल्या. आमच्या सौभाग्यवतींनीं त्याच आठवड्यांत तिला जिल्ह्याच्या गांवच्या त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे नेलें. बाईंनीं तपासलें, नळी हातांत घेऊन वाचली, आणि इतकेंच म्हटलें, “उद्यां घरांतल्या सगळ्यांना घेऊन या. सगळ्यांना.”

एकत्र कुटुंबांतील अकरा माणसें एका दिवशीं एका दवाखान्यांत नेणें ही सोपी गोष्ट नव्हे. पण आमच्या सौभाग्यवतींनीं तें जमविलें. अकरांपैकीं सहा जणांस गजकर्ण निघालें. थोरल्या मुलाच्या जांघेंत होतें. शाळकरी नातवाच्या कमरेला करगोट्याखालीं होतें. आणि सर्वांत जुनें, चार वर्षांचें, खुद्द आमच्या बंधूंच्या कमरेभोंवतीं होतें. सून घरांत आली ती त्यानंतर दोन वर्षांनीं. माहेराहून कोण काय घेऊन आलें, याचा हिशेब तेथेंच संपला.

डॉक्टरीणबाईंनीं मग कपड्यांची चौकशी केली. आमचे बंधु जरा ताठ्यानें म्हणाले, “माझा पंचा वेगळा आहे. दुसऱ्याच्या पंचाला मी हातहि लावीत नाहीं.” बाईंनीं विचारलें, “पूजेला काय नेसतां?” वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. देवघराच्या खुंटीवर वडिलार्जित रेशमी कद होता. रोज बंधु तो नेसत. ते गांवाला गेले म्हणजे थोरला मुलगा, तो नसला तर धाकटा. आणि मुंज झाल्यापासून सणावारीं नातूहि. स्नान करून, अंग अर्धवट पुसून, ओलसर कमरेला तो घट्ट गुंडाळावयाचा, तासाभरानें सोडून पुन्हां खुंटीवर. रेशीम नित्य शुद्ध मानलेलें. तें ओंवळें होत नाहीं, म्हणून तें रोज धुण्याचाहि प्रश्न नाहीं. बाई प्रांजळपणें म्हणाल्या, “यांतूनच सगळ्यांना झालें, असं मी शपथेवर सांगणार नाहीं. अंथरुणांतून झालं असेल, पंचांतून झालं असेल, स्पर्शानं झालं असेल. पण हें धुतल्याशिवाय चार माणसांनीं नेसणं आजपासून बंद.”

बंधु दोन दिवस कोणाशीं फारसें बोलले नाहींत. तिसऱ्या दिवशीं सकाळीं ते धुतलेलें, उन्हांत वाळविलेलें सुती धोतर नेसून पूजेस बसले. पूजा आटोपल्यावर तीर्थ देतांना सर्वांच्या देखत ते सुनेस म्हणाले, “बाळे, हें तुझ्याकडून आम्हांला आलेलं नाहीं. आमच्याकडून तुला आलं असेल.” दुसरें कांहीं ते बोलले नाहींत. त्या रात्रीं सुनेचें अंथरूण पूर्वीच्या जागीं आलें. घरांतील सहाहि जणांचा उपचार एकाच दिवशीं सुरू झाला. पांच जण अडीच महिन्यांत मोकळे झाले, बंधूंस चार महिने लागले. सुनेच्या मांडीवरच्या रेघा पुसट झाल्या, पण पुरत्या गेल्या नाहींत, आणि जाणारहि नाहींत. त्या गजकर्णाच्या नव्हेत, नळीच्या आहेत.

त्या नळीविषयीं दोन शब्द लिहिणें आमचें कर्तव्य आहे. तींत बुरशीवरचें औषध असतें, जंतूंवरचें असतें आणि त्यांच्या जोडीस एक उग्र स्टेरॉइडहि असतें. स्टेरॉइड हें वाईट द्रव्य नव्हे. वैद्यानें योग्य रोगांत दिलें तर तें जीवदान देतें. परंतु त्याचा गुण असा कीं, तें शरीराच्या प्रतिकारास निजवितें. खाज आणि लाली हीं प्रतिकाराचींच लक्षणें; तीं निजलीं कीं रोग्यास वाटतें बरें झालें. पहारेकरी निजल्यावर चोर काय करील? बुरशी स्वस्थपणें पसरत राहते, कड्याचा आकारहि मोडतो, आणि मग डॉक्टरांसहि ती चटकन् ओळखूं येत नाहीं. १९६८ सालीं ब्रिटिश वैद्यांनीं अशा रोगास टिनिया इनकॉग्निटो असें नांव दिलें. आम्ही त्याचें भाषांतर अज्ञातवासांतील दद्रु असें करूं. पांडवांचा अज्ञातवास एका वर्षानें तरी संपला. याचा नळीबरोबर लांबतच जातो. भारत सरकारनें २०१८ सालीं चौदा स्टेरॉइड-मलमें शेड्यूल एच या वर्गांत घालून डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून त्यांची विक्री बंद केली. परंतु मागणारा गिऱ्हाईक आणि देणारा दुकानदार दोघेहि राजी असल्यावर कायदा काय करणार?

म्हणून आम्ही वाचकांस व्याकरणाचाच एक छोटा पाठ देतों. प्रत्यय ओळखण्याची संवय जन्मभर उपयोगी पडते. नळीवरील बारीक अक्षरें भिंग घेऊन वाचावीं. ज्या नांवाच्या अखेरीस ‘झोल’ येतें, जसें क्लोट्रिमाझोल, केटोकोनाझोल, लुलिकोनाझोल, तें बुरशीवरचें औषध. टर्बिनाफिन हेंहि बुरशीवरचेंच. ज्याच्या अखेरीस ‘सोन’ येतें, जसें बीटामेथासोन, मोमेटासोन, तें स्टेरॉइड. आणि एक अपवाद घोकून ठेवावा. क्लोबेटासोल हें नांव कानाला झोलच्या जातीचें लागतें, पण तें सोलचें आहे, आणि तें अत्यंत उग्र स्टेरॉइड आहे. गजकर्णासाठीं हातांत आलेल्या नळीवर सोन किंवा क्लोबेटासोल दिसलें, तर ती परत करावी. मात्र पुष्कळ दिवस अशी नळी लाविली असेल, तर ती सोडतांना कांहीं दिवस खाज व लाली उसळते. त्या वेळीं भिऊन पुन्हां तीच न लावतां डॉक्टरांकडे जावें.

अर्धवट उपचारांचा परिणाम केवळ एका घरापुरता राहत नाहीं. २०२० सालीं जपानमधील संशोधकांनीं तेथील एका भारतीय व एका नेपाळी रोग्याच्या त्वचेवरून गजकर्णाच्या बुरशीची एक जाति वेगळी काढून तिचें ट्रायकोफायटन इंडोटिनी असें नामकरण केलें. टर्बिनाफिन हें एरवीं रामबाण मानलेलें औषध तिजवर पुष्कळदां चालत नाहीं. २०२३ सालीं न्यूयॉर्क शहरांतहि तिचे दोन रोगी नोंदले गेले. आपल्या देशांत तिनें जें मूळ धरलें, त्यास स्टेरॉइडच्या नळ्या आणि अर्ध्यावर सोडलेले उपचार हें एक मोठें कारण तज्ज्ञ मानतात. योग, शून्य आणि बुद्धिबळ यांबरोबर आपल्या देशाचें नांव एका हट्टी बुरशीसहि चिकटावें, याचा आम्हांस खेद होतो. पण तें नांव आपल्या न्हाणीघरांतून आणि माजघरांतूनच तेथवर गेलें आहे, हें विसरतां येत नाहीं.

आतां प्रत्यक्ष करावयाचें काय, तें सांगतों. पहिली गोष्ट म्हणजे एकास दिसलें कीं घरांतील सर्वांस विचारावें, आणि ज्यांस ज्यांस असेल त्यांचा उपचार एकाच वेळीं सुरू करावा. एकटा बरा झाला तर आठ दिवसांत तो दुसऱ्याकडून तें परत घेतो, आणि औषधास गुण नाहीं म्हणून दोष देतो. मलम लावतांना प्रथम जागा धुवून पूर्ण कोरडी करावी, आणि कड्याच्या बाहेर दोन बोटें निरोगी दिसणाऱ्या त्वचेपासून आरंभ करून आंत यावें. कारण बुरशी कांठावर जिवंत असते, मध्यें नव्हे. खाज थांबली म्हणजे रोग गेला असें समजूं नये. त्वचा स्वच्छ दिसूं लागल्यावरहि निदान दोन आठवडे मलम चालू ठेवावें. डोक्यांतलें, नखांतलें आणि फार पसरलेलें गजकर्ण नुसत्या मलमानें जात नाहीं. त्यास पोटांतून औषध लागतें, आणि तें डॉक्टरांनींच द्यावयाचें. त्या वेळीं यकृताचा किंवा हृदयाचा विकार, गर्भारपण, आणि चालू असलेल्या इतर गोळ्या यांविषयीं न लाजतां सांगावें.

दुसरी गोष्ट वस्त्रांची. पंचा, चड्डी, परकर, मोजे आणि पांघरूण हीं प्रत्येकाचीं वेगळीं असावींत. रोग्याचे कपडे रोज बदलून कढत पाण्यांत, हात घालवणार नाहीं इतक्या, भिजवून वेगळे धुवावे, उलटे करून उन्हांत वाळवावे, आणि पावसाळ्यांत ऊन नसल्यास शिवणींवरून व नाड्याच्या पट्टीवरून इस्त्री फिरवावी. ओलसर कपडा कधींहि अंगावर चढवूं नये. स्नानानंतर जांघा, कांखा व बोटांच्या बेचक्या पुसून वारा लागूं द्यावा, मगच नेसावें. मुलांचा करगोटा काढावा किंवा वारंवार बदलावा. नाडी एकाच जागीं रोज करकचून बांधूं नये. तरुणांच्या जाड, घट्ट पाटलोणींस पावसाळ्यापुरती रजा द्यावी. घरांतल्या मांजराचे किंवा गोठ्यांतल्या वासराचे केस गोल चट्ट्यांनीं गळत असतील, तर पशुवैद्यास दाखवावें. त्यांच्याकडूनहि ही बुरशी मुलांकडे येते.

सोवळ्याविषयीं आमचें मत कोणी विपरीत समजूं नये. आपलें वस्त्र दुसऱ्यानें शिवूं नये, स्नानावांचून तें घेऊं नये, हा त्यांतला नियम या रोगाच्या दृष्टीनें फार उत्तम आहे, आणि तो पंचास व अंथरुणासहि लावावा असें आम्ही म्हणतों. परंतु ओलेत्यानें तास-तास बसणें, आणि एकच कद न धुतां अनेकांनीं नेसणें, या दोन चालींनीं त्या नियमाचा हेतूच बुडतो. धुतलेलें, स्वतःचें व कोरडें वस्त्र देवास अमान्य होईल, असें कोणत्याहि शास्त्रांत आमच्या वाचनांत आलेलें नाहीं.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड, कारण तिला पैसा लागत नाहीं. कित्येक घरांत सून सासूस सांगत नाहीं, मुलगा बापास सांगत नाहीं, आणि आजोबा तर कोणासच सांगत नाहींत. ज्यांस बोलावयाचें धाडस नाहीं त्यांनीं तें करावें, असा उपदेश करणें निरर्थक आहे. बोलण्याचा आरंभ वडील माणसांनीं करावयास पाहिजे. आषाढाचा पहिला पाऊस पडला कीं, गृहिणी पापड-कुरडयांचे डबे उघडून बुरशी आली आहे काय तें पाहते. त्याच दिवशीं घरच्या कर्त्यानें सर्वांस एकत्र बसवून विचारावें, “कोणाला कोठें खाज आहे काय?” आणि त्यास स्वतःस असेल, तर त्यानें आपल्यापासूनच सुरुवात करावी. मग न्हाणीघरांत जाऊन दोरीवरचे पंचे मोजावे, आणि घरांत माणसें किती आहेत तींहि मोजावीं. दोन्ही आंकडे सारखे नसतील, तर बाजारांत जाण्यास तो दिवस उत्तम समजावा.